पुराआधीचा पंचनामा

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते चिखलात मांडी घालून बसले होते.

गोदावरीचा, म्हणजे आम्हा नाशिककरांच्या गंगेचा, पूर ओसरून दोन दिवस झाले होते. दुतोंड्या मारुतीच्या गळ्यापर्यंत चढलेलं पाणी आता त्याच्या पायांशी आलं होतं आणि घाटालगतच्या गल्ल्यांमध्ये गुडघाभर गाळ मागे राहिला होता. मला तहसील कचेरीत कारकून म्हणून लागून जेमतेम महिना झाला होता. पंचनामे लिहायला माणसं कमी पडत होती, म्हणून साहेबांनी मला सर्कलच्या हाताखाली दिलं. सर्कल म्हणजे मंडळ अधिकारी, दहा-बारा गावांच्या तलाठ्यांवरचा माणूस. बाकीच्या सर्कलना लोक नावानं ओळखत. आमच्या कचेरीत मात्र नुसतं 'सर्कल' म्हटलं की हेच.

पडलेल्या भिंतीसमोर एक विधवा बाई उभी होती. मी छापील फॉर्म काढला आणि विचारलं, "काय काय गेलं?"

"सगळं गेलं," ती म्हणाली.

मी लिहिलं, 'सर्व सामान'.

सर्कलनी खाली बसल्या बसल्या मान तिरकी करून ते वाचलं आणि मला म्हणाले, "बाई, 'सर्व' नावाची वस्तू भद्रकालीच्या बाजारात कुठल्या दुकानात मिळते?"

माझे कान तापले. त्यांनी माझ्याकडे पुन्हा पाहिलंही नाही. त्या बाईला म्हणाले, "बसा मावशी. सकाळी उठल्यावर पहिलं काय करायचात?"

"काय करणार? चूल पेटवायची."

"मग?"

"मग चहाचं आधण ठेवायचं."

"कशात?"

"पितळी पातेलं होतं. आईनं दिलेलं."

"लिहा बाई, पितळी पातेलं. मग?"

असं करत ते तिचा अख्खा दिवस चालत गेले. पाणी कशात भरायची, भाकरी कशावर थापायची, मिरची कशावर वाटायची. दुपारपर्यंत आले तेव्हा ती म्हणाली, "मग जरा पाठ टेकायची आणि मशीनवर बसायचं." आणि थांबली. दोन दिवसांत तिला कुणाला सांगायचं सुचलंच नव्हतं की तिच्या घरात शिलाई मशीन होतं, आणि त्याच्यावरच तिचं पोट होतं. ती तिथेच खाली बसली आणि रडायला लागली.

सर्कलनी तिचं सांत्वन केलं नाही. "रडा मावशी, घाई नाही," म्हणाले, आणि मला हळू आवाजात, "रडणं झालं की विचारा, मशीन पायाचं होतं की हाताचं."

त्या दिवशी बाकीच्यांचे चाळीस-पन्नास पंचनामे झाले. आमचे नऊ. साहेब ओरडले. सर्कल म्हणाले, "साहेब, माणसाला काय गेलं ते सांगता येत नाही. काय करत होतो ते सांगता येतं. त्याला वेळ लागतो."

हा माणूस दिसायला अगदीच साधा होता. काटकुळा, काळासावळा, पॅन्टचे पाय पोटऱ्यांपर्यंत दुमडलेले. भर आषाढात छत्री घेत नसत. कागद मात्र खताच्या रिकाम्या पिशवीत तीन घड्या घालून, सुतळीनं बांधून नेत. मी एकदा छत्री पुढे केली तर म्हणाले, "तुम्ही घ्या. मला कोरड्या अंगानं ओल्या माणसाशी बोलता येत नाही." पावसाळाभर त्यांना सर्दी असायची आणि पावसाळाभर ते ती नाकारायचे.

त्यांचा सगळ्यांत मोठा राग 'अंदाजे' या शब्दावर होता. तलाठ्याच्या अहवालात तो दिसला की त्याखाली लाल रेघ मारून अहवाल परत पाठवत. "अंदाज ज्योतिषानं करावा. आपण जाऊन बघावं." पूरग्रस्तांना शासनाकडून धान्य आलं, तेव्हा वाटपाच्या यादीकडे पाहून ते भर बैठकीत उभे राहिले आणि विचारलं, "शिजवणार कशावर? लाकडं भिजलीत, काड्यापेट्या वाहून गेल्यात." यादीत रॉकेल आणि काड्यापेट्या येईपर्यंत ते खाली बसले नाहीत. खरोखरच उभे होते. बैठक त्यांच्या उभं राहण्याला कंटाळून संपली.

वरून दरवर्षी सूचनांची पत्रकं यायची. 'पूरप्रवण क्षेत्रातील नागरिकांनी सुरक्षित स्थळी स्थलांतर करावे.' सर्कल ते पत्रक गावात दवंडी पिटणाऱ्या कोतवालाला वाचून दाखवायचे आणि विचारायचे, "काय समजलं?" कोतवाल प्रामाणिकपणे "काय नाय" म्हणाला की खूश व्हायचे. मग दवंडी स्वतः सांगायचे. "असं म्हण. पाणी वडाच्या मुळीला लागलं की गुरांची दावी सोडा. सोडायला वेळ नसला तर कापा. म्हाताऱ्यांना आधी न्या, भांडी मागून. आणि 'सुरक्षित स्थळ' म्हणू नको. शाळा म्हण. शाळेची किल्ली कुणाकडं असते ते नाव घेऊन सांग." एकेका गावासाठी दवंडी वेगळी असे, कारण एकेका गावाचा वड वेगळ्या जागी होता.

एकदा जेवणाच्या सुट्टीत मी त्यांना माझी गोष्ट सांगितली. आमची वस्ती नदीच्या उताराला होती. मी शाळेत असताना आमचंही घर पुरात गेलं होतं. नोकरीला लागल्यावर मी कुतूहलानं जुनं दप्तर काढून पाहिलं होतं. आईच्या नावापुढे एकच शब्द होता, 'किरकोळ'.

सर्कल भाकरीचा तुकडा हातात धरून राहिले. मग म्हणाले, "आई आहेत का?"

"आहे."

रविवारी सकाळी ते आमच्या दारात हजर. आई गडबडली. सरकारी माणूस घरी आला म्हणजे काहीतरी चुकलं, एवढंच तिला माहीत. सर्कल जमिनीवर बसले आणि म्हणाले, "माई, मुदत कधीच संपलीय. यातून तुम्हाला काही मिळणार नाही, ते आधीच सांगतो. पण कागद पुरा झाला नव्हता. सकाळी उठल्यावर पहिलं काय करायचात?"

आई माझ्याकडे पाहत राहिली. मग हळूहळू बोलायला लागली. वंदना म्हणायची. कशासमोर? बुद्धाची एवढीशी मूर्ती होती, आमच्या वडिलांनी आणलेली. तीही गेली. मग दळण. जातं गेलं. दोन तास ती बोलत होती. आमच्या घरात काय काय होतं ते मला, तिच्या पोटच्या मुलीला, त्या दिवशी कळलं. सर्कलनी सगळं लिहिलं, खाली आईचा अंगठा घेतला, आपली सही केली आणि कागद तिच्या हातात दिला. चहा घेतला नाही. पूरग्रस्ताच्या घरी ते चहा घेत नसत. तो पूर येऊन किती वर्षं झाली याच्याशी त्यांना काही कर्तव्य नव्हतं.

या माणसाला कचेरीत निम्मे लोक वेडा म्हणत. मीही म्हटलं असतं. पण त्या रविवारनंतर मला ते जमलं नाही.

आता दारणा नदीच्या काठची ती हकीकत.

आमच्या कचेरीत इगतपुरीहून रोज पॅसेंजरनं येणारे एक कारकून होते. पावसाळ्यात ते आले की सर्कल त्यांच्या टेबलाशी जात आणि त्यांच्या सदऱ्याचा काठ पिळून बघत. इगतपुरीला घाटमाथ्यावर किती कोसळतोय, याचा तारेनं येणारा निरोप पोचायला दुपार व्हायची. सदरा मात्र साडेदहाला पोचायचा. ते कारकून चिडत, पण सवयीनं काठ पुढे करत.

श्रावणातल्या एका सकाळी सर्कलनी सदरा पिळला आणि पाण्याची धार लागली. त्यांनी विचारलं, "स्टेशनपर्यंत छत्री होती?"

"होती. छत्रीतून आलंय हे."

"रात्रभर?"

"तीन दिवस. काल-परवा तर घराबाहेरच पडता आलं नाही."

सर्कलनी इगतपुरीच्या पावसानं भरणाऱ्या दारणा धरणावर फोन लावायला सांगितला. लागला नाही. त्यांनी वाट पाहिली नाही. "बाई, कोरे कागद घ्या, शिक्क्याची गादी घ्या. चला." साहेबांना चिठ्ठी ठेवली आणि आम्ही पुणे रस्त्यानं निघालो. नाशकात त्या वेळी ऊन पडलं होतं.

दारणेच्या काठाला, गावापासून जरा दूर, भिल्लांची वस्ती होती. मासे धरायचे, बागायतदारांच्या उसात मजुरी करायची. जागा सरकारी, घरं कुडाची. सरकारी भाषेत ते अतिक्रमण. सर्कलनी वस्तीवर जाऊन सांगितलं, "धरणातून पाणी सुटणार. आज संध्याकाळच्या आत इथं येईल. शाळेत चला."

कुणी हललं नाही. नदी शांत वाहत होती. एक म्हातारा म्हणाला, "पाणी आमाला कळतं, सर्कल. येईल तवा जाऊ."

सर्कल नदीकडे पाहत बसले. मी अस्वस्थ झाले. पोलीस बोलवावेत का, असं मी विचारलं. ते म्हणाले, "पाण्याला भीत नाहीत हे. दुसऱ्याच कशाला तरी भितायत. कशाला, ते विचारायला पाहिजे."

आणि त्यांनी सरळ विचारलं.

ठकूबाई नावाची एक उंच, ताठ बाई पुढे आली. वस्तीत तिचा शब्द चालत असावा. "खरं सांगू का, भाऊसाहेब? मागल्या टायमाला आमी शाळेत गेलो. पाणी उतरल्यावर आलो तं जाग्यावर कोनी तरी इटा रचून ठेवल्या व्हत्या. म्हने तुमची घरं कवा व्हती हितं? दावा कागद. आमचा कागद कुटून यायचा? लय भांडून ही जागा परत घेतली. आता हाललो तं पुन्हा नाय भेटायची. पान्यात मेलो तं मेलो."

पलीकडे गावातल्या एका वजनदार माणसाची वीटभट्टी होती. तिच्या विटांच्या राशी तिथून दिसत होत्या.

सर्कल उठले. पिशवीची सुतळी सोडली. "बाई, बसा. लिहा. पंचनामा."

"कशाचा? अजून पूर आला नाही."

"म्हणूनच. घरं उभी आहेत तोवर."

मी घाबरले. माझी नोकरी अजून कायम झाली नव्हती. पूर येण्याआधी नुकसानीचा पंचनामा कुठल्या नियमात बसतो? तोही अतिक्रमणाचा? मी तसं बोलून दाखवलं तेव्हा ते म्हणाले, "नुकसानीचा नाही. असण्याचा. अमुक ठिकाणी अमुक माणसाचं घर आज उभं आहे, एवढंच. ते खोटं आहे का?"

"नाही."

"मग लिहा."

त्यांनी शाळेचे गुरुजी आणि पिठाची गिरणी चालवणारा गृहस्थ असे दोन पंच बोलावले. वस्तीच्या वर पिंपळाचा दगडी पार होता. पूर कितीही आला तरी तो हलणार नव्हता. सर्कल पाराच्या कोपऱ्याला पाठ लावून उभे राहिले आणि चालायला लागले. "पाराच्या पूर्व कोपऱ्यापासून उगवतीला चौतीस पावलं, ठकूबाईचं घर. दार उत्तरेला. चूल उजव्या हाताला, तीन दगडांची." मी लिहीत होते. "तिथून दक्षिणेला अकरा पावलं..." थोड्या वेळानं ते थांबले. "माझी पावलं लांब पडतात. बाई, तुम्हीही मोजा. दोघांची लिहा." मग मी साडीचा काठ वर खोचला आणि मोजायला लागले. प्रत्येक घर दोनदा मोजलं. त्यांच्या पावलांनी आणि माझ्या.

तेवीस घरं. प्रत्येकाचा वेगळा कागद, अंगठा, पंचांच्या सह्या, शिक्का. एक प्रत त्या माणसाच्या हातात, एक आमच्या पिशवीत. कागद मिळेल तसतशी माणसं उठत होती. कुणाला काही सांगावं लागलं नाही. कोंबड्या टोपलीखाली, म्हातारी पाठीवर, जाळी खांद्यावर. ठकूबाईचा कागद पहिला झाला होता, पण ती सगळ्यांत शेवटी निघाली.

दुपार कलली तेव्हा नदीचा रंग बदलला. आधी कडेला फेस आला, मग मधोमध लाल पट्टा. सर्कल म्हणाले, "निघा." आम्ही शाळेच्या टेकाडावर चढलो आणि वळून पाहिलं. पाण्याचा तो आवाज मी आजही विसरलेले नाही. पाणी धावत आलं नाही, ते नुसतं वर आलं, रुंद होत आलं. कुडाची घरं पडली नाहीत, ती जागेवरून उचलली गेली. दिवस मावळायच्या आत तिथे पार आणि पिंपळ एवढंच उरलं होतं.

तेवीस घरांतलं एकही माणूस गेलं नाही. मी सर्कलकडे पाहिलं. ते शाळेच्या पायरीवर बसून शिंकत होते.

पुढे काय झालं तेही सांगायला हवं. महिन्याभरात अर्ज आला, की तिथे वस्ती नव्हतीच, सर्कल आणि एका बाई कारकुनानं मिळून मागाहून खोटे कागद रंगवले. अर्ज कुणाचा ते सांगायला नको. वरून चौकशी लागली. सर्कलना कारणे दाखवा नोटीस निघाली आणि मला जबाबाला बोलावलं.

चौकशी अधिकारी कडक होते. नदीकाठी, त्या पारावरच बसून त्यांनी चौकशी ठेवली. समोर सपाट गाळ, त्यावर गवतसुद्धा उगवलेलं. तिथे कधी घर होतं असं सांगणाऱ्याला कुणीही वेड्यात काढलं असतं.

"अक्षर कुणाचं?" त्यांनी विचारलं.

"अक्षर बाईंचं, सांगणं माझं," सर्कल म्हणाले. "जबाबदारी माझ्या एकट्याची."

मला एवढंच करायचं होतं की गप्प राहायचं. घरी आई होती, धाकटी भावंडं होती. पण तोंडातून शब्द निघून गेले. "साहेब, अर्धी पावलं मी मोजलीत. कागदावर दोघांची आहेत."

चौकशी अधिकाऱ्यांनी कागद पुन्हा पाहिले. मग वर बघून म्हणाले, "मोजा मग. तुम्ही."

मी पाराच्या कोपऱ्याला पाठ लावली. समोर सर्कल, अधिकारी, वीटभट्टीवाला, गाव आणि ती सगळी वस्ती. ठकूबाईच्या घरासाठी कागदावर माझी एकेचाळीस पावलं होती. चिखल वाळून भेगा पडल्या होत्या, साडी पायात येत होती. एकेचाळीसला थांबले. काहीच नव्हतं.

"उजव्या हाताला," सर्कल हळूच म्हणाले.

ठकूबाई पुढे झाली. तिच्या हातात कुदळ नव्हती. ती गुडघ्यांवर बसली आणि हातांनीच गाळ उपसायला लागली. हात कोपरापर्यंत आत गेला तेव्हा ती थांबली, चाचपलं, आणि दोन्ही हातांनी भराभर माती बाजूला सारली. एक दगड. मग दुसरा. मग तिसरा. तिघांच्या मधे काळी राख, ओली, घट्ट बसलेली.

"ही माजी चूल," ती म्हणाली.

मग कुणी कुणाची वाट पाहिली नाही. कागद घेऊन बायका-पुरुष पारापासून मोजत सुटले. कुठे उंबऱ्याचा दगड निघाला, कुठे पाटा, कुठे जमिनीत पुरलेला रांजण. चौकशी अधिकारी पारावरून खाली उतरले. बूट गाळात रुतत होते. ते एकेका खड्ड्याशी जाऊन वाकून पाहत होते आणि तिसऱ्या खड्ड्यापाशी त्यांनी डोक्यावरची टोपी काढली. आपल्या कारकुनाला म्हणाले, "लिहा. समक्ष स्थळपाहणी केली. घरे आढळली."

मी सर्कलकडे पाहिलं. मला वाटलं होतं त्यांचा चेहरा फुलला असेल. ते ठकूबाईच्या चुलीशी वाकून उभे होते आणि पुटपुटत होते, "गाळ हातभर चढलाय. काठाची उंचीच बदलली. पुढच्या वर्षी पाणी इथून वळणार."

कागद खरे ठरले, वस्तीला मदत मिळाली, आणि शाळेजवळच्या टेकाडावरच्या सरकारी जमिनीत तेवीस घरांना जागा मंजूर झाल्या. सर्कलवर मात्र, वरिष्ठांची पूर्वपरवानगी न घेतल्याबद्दल, ठपका आलाच. उन्हाळ्याच्या शेवटी त्यांची बदली सुरगाण्याला झाली, पार डोंगरात. त्यांनी तक्रार केली नाही. "तिकडं पाऊस चांगला असतो," एवढंच म्हणाले.

ते निघाले त्या दिवशी मी एस.टी. स्टँडवर गेले होते. कचेरीतून दुसरं कुणी आलं नव्हतं. त्यांची पत्र्याची ट्रंक टपावर चढली होती आणि ते खिडकीशी बसले होते. तेवढ्यात गर्दीतून ठकूबाई आणि वस्तीतल्या चार बायका धापा टाकत आल्या.

त्यांना पाहून सर्कल खेकसलेच. "इथं काय करताय? पाऊस तोंडावर आलाय. नव्या घरांच्या वरच्या अंगाला चर खणलात का?"

"खनला," ठकूबाई म्हणाली.

"किती खोल?"

"ढोपराएवढा."

"उतार कुणीकडं दिलाय?"

"वढ्याकडं."

"कुठल्या? वरच्या की शाळेमागच्या?"

बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. एक म्हणाली वरच्या, दुसरी म्हणाली शाळेमागच्या. सर्कलचा चेहरा पाहण्यासारखा झाला. ठकूबाई हसली. "अंदाजे सांगत नाय, भाऊसाहेब. येऊन बघा."

ते उठले. लोकांच्या पायांवरून, पिशव्यांवरून वाट काढत खाली उतरले. पॅन्टचे पाय दुमडायला लागले. कंडक्टरनं घंटा मारली. मी म्हटलं, "अहो सर्कल, गाडी!"

"उद्या आहे की," ते वळूनही न पाहता म्हणाले आणि त्या पाच बायकांबरोबर दारणेच्या बाजूला जाणाऱ्या नाशिकरोडच्या बसकडे चालायला लागले.

गाडी हलली. मी पळत जाऊन कंडक्टरला गाठलं आणि सांगितलं, टपावरची ती निळी ट्रंक सुरगाण्याच्या कचेरीत नेऊन द्या.

"आणि साहेब?" त्यानं विचारलं.

"साहेब उतार बघायला गेलेत," मी म्हटलं.